बबनच्या आईचे कागद

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, पिऊन झिंगलो तेव्हा दोस्तांनाही नाही. तुम्हाला सांगतोय, आणि सांगताना माझाच मला संताप येतोय — तेव्हा शब्द वाकडे आले तर येऊ द्यात.

सत्त्याण्णव साली सांगलीत आमच्या प्रेसमध्ये डिजिटल मशीन आलं. कॉम्प्युटरवर जुळवायचं, बटण दाबायचं, रंगीत कार्ड बाहेर! कोरेगावहून आलेला मी त्याचा ऑपरेटर झालो आणि माझी मिजास काय विचारता — एसीची खोली, चपला काढल्याशिवाय कुणी आत यायचं नाही. बबन बाहेर, पत्र्याखाली. कटिंग मशीन त्याचं, आणि शनिवारी रद्दीचे गठ्ठे बांधायचे तेही त्याचंच काम.

मशीनवर पहिले काही कागद वाया जातातच. रंग जुळेपर्यंत दहा-वीस तरी. त्यांची आमच्याकडे एक रीत होती. देवाचं चित्र असलेला कागद रद्दीत जायचा नाही. पत्रिकेतला गणपती, खंडोबा, सत्यनारायण — सगळे माझ्या टेबलाखालच्या खोक्यात. महिन्यातून एकदा मी ते स्वतः कृष्णेत सोडून यायचो. कापताना गणपतीचं चित्र असलेली कातरण निघाली, तर बबनसुद्धा ती हातात घेऊन माझ्याकडे आणून द्यायचा. शेठ गिऱ्हाइकांना सांगायचे, आमचा दिलीप लय धार्मिक. धार्मिक! आजही तो शब्द ऐकला की कानफटात मारावीशी वाटते. कुणाच्या? माझ्याच.

बबनची आई वारली. ते बौद्ध, पुण्यानुमोदनाचं कार्ड छापायचं होतं. म्हातारीचा उभ्या जन्मात काढलेला एकच फोटो, तो त्यानं रुमालात गुंडाळून आणला. "चेहरा तेवढा नीट येऊ दे गड्या," म्हणाला. वर बुद्धाचं चित्र, खाली आई. त्या दिवशी मशीन कुरकुरत होतं, म्हातारीच्या गालावरून काळी रेघ उमटत होती. ती रेघ घालवेपर्यंत तीसेक कागद गेले.

आता हे कसं सांगू... खोकं पायाशीच होतं. मी ते कागद उचलले, खोक्यापर्यंत हात नेलाही. आणि थांबलो. का? उगाच पाल्हाळ कशाला लावू — त्यातला देव माझा नव्हता. माझ्या गणपतीला ह्यांचे कागद लागायला नकोत, असं मनात आलं. अगदी ह्याच शब्दांत आलं. मी ते रद्दीच्या ढिगात, पालथे करून, मधोमध सारले. पालथे का केले? म्हणजे कळत होतं ना मला, मी काय करतोय ते!

कार्यक्रम झाला. चार दिवसांनी बबनची थोरली बहीण, तानाअक्का, तासगावला परत जायला एसटी स्टँडवर आली. गाड्यावरून भजी घेतली. कागद उलगडून बघते, तर तेलात भिजलेली आई. गाडी सोडून ती तडक प्रेसमध्ये आली. कागद पदरानं पुसून पुसून फाटायला आला होता.

"ह्ये कुनी केलं?" एवढंच विचारलं तिनं.

शेठ माझ्याकडे बघायला लागले. आणि मी — अहो, वाक्य जिभेवर तयारच होतं हरामखोराच्या — मी म्हणालो, "रद्दी बबनच बांधतोय की, अक्का."

बबननं कागद हातात घेतला. मग म्हणाला, "व्हय अक्का. म्याच बांधली. बघितलं न्हाई म्या."

त्याला खरंच वाटलं! माझ्यावर साधा संशयही आला नाही त्याला. आणि मला काय वाटलं, सांगू? लाज नाही वाटली. राग आला, त्याचाच. इतका कसा रं भोळा तू? मी असा बेरड.

अक्का त्याच्या घरची पायरी चढायची बंद झाली. बबनच्या पोरीच्या लग्नालाही आली नाही. कुणी विचारलं तर बबन स्वतःच सांगायचा, आईला आपल्या हातानं रद्दीत घातली म्हणून. पुढं प्रत्येक गठ्ठा बांधण्याआधी तो एकेक कागद उलटून बघायला लागला. शनिवारी त्याला घरी जायला उशीर व्हायचा. प्रेसमधली पोरं हसायची त्याला. त्यांच्यात मीही हसलो आहे.

दोन वर्षांनी काविळीनं बबन गेला. मयतीला अक्का आली. दारात मला बघून जवळ आली. प्रेसमधला ओळखीचा एक मीच होतो तिथं.

"आमच्या आयला रद्दीत घातली त्यानं," ती म्हणाली. "पन म्या दोन वरसं बोलले न्हाई त्याच्याशी. माझाबी भाऊच हुता न्हवं?"

"व्हय, अक्का," मी म्हणालो. आणि पुढं होऊन तिरडीला खांदा दिला.