दमणीची काच

आमच्या दमणीला खिडकी होती, हीच मुळात चूक.

छप्पराच्या बैलगाडीला काच कोण लावतं? पण सासऱ्यांनी लावली होती. रनाळ्याहून तळोद्याला माहेरी येताना लेकीला सातपुडा दिसावा म्हणून! तो मीही दाखवायला गेलो. "तो बघ सातपुडा!" म्हणत बैल हाकायची पराणी उगारली आणि खळ्ळकन काच खाली.

"सातपुडा माले दिसतच व्हता," ही म्हणाली.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला, तिचा भाऊ न्यायला आला. निघताना ती बोलली, "मन्हा बापनी बसाडेल काच शे ती. नवी बसाडा, मंगच माले लेवाले या!"

आखाजी झाली, गावातल्या साऱ्या सुना परतल्या. आमचं दार तेवढं मुकं. भाकरी एका बाजूने करपायची, दुसऱ्या बाजूने कच्ची राहायची, आणि त्या भाकरीला नावं ठेवायलाही घरात कुणी नव्हतं! मी ढवळ्या-पवळ्याशी बोलू लागलो. ते ऐकून घेत. त्याचंच जास्त वाईट वाटे.

शेवटी उठलो. कडब्यातलं एक थाट, म्हणजे ज्वारीचा धांडा, घेतलं, खिडकीच्या मापाचं तोडलं आणि दमणी जुंपून नंदुरबार गाठलं. काचवाल्या करीमचाचांच्या दारात बैल सोडले, थाट जुवावर ठेवलं आणि पाणी प्यायला गेलो. येऊन बघतो तर ढवळ्या शांतपणे रवंथ करतोय!

"माप कुठे शे?" चाचांनी दुकानातून विचारलं.

"बैलनी खाई टाकं!"

"मंग नवं माप लई या."

आता आली का पंचाईत! तसाच उन्हातून रनाळ्याला परतलो. अंगणात दमणी लावली, नवं थाट तोडलं आणि रात्री उशाशी घेऊन झोपलो. (उशाशी दुसरं होतं कोण?) सकाळी ते छातीशी धरून पुन्हा चाचांपुढे हजर!

"कसानं माप हाई?" चाचा थाट निरखत म्हणाले.

"दमणीनी खिडकीनं."

"दमणी कुठे शे?"

"ही काय, तुम्हना दारसे उभी शे!"

चाचांनी दमणीकडे पाहिलं. मग थाटाकडे. मग बराच वेळ माझ्याकडे.

"आन काल?"

"काल बी... आठेच, तुम्हना दारसे व्हती."

चाचा हसले नाहीत. हळूच म्हणाले, "घरवाली माहेर गयी का?" बरोबर ओळखलं हो! घरात शहाणं माणूस एकच, ते तळोद्याला. काच बसली तशी मी दमणी परस्पर तिकडेच हाकली.

येताना तापी ओलांडेपर्यंत तिला सगळं सांगून टाकलं. ती इतकी हसली, इतकी हसली, की सातपुडा बघायचा राहूनच गेला. मला मात्र किती दिवसांनी बरं वाटलं!

पुढच्या आखाजीला भावाच्या गाडीत बसण्याआधी ती गोठ्यात गेली आणि ढवळ्याच्या पाठीवर हात ठेवून त्याच्या कानाशी म्हणाली, "मी येस तवलोंग यास्ले संभाळज्यात रे!"

मला वाटलं, बैलांना सांभाळायला मला सांगतेय. मी मानसुद्धा डोलावली!