खोकला नसलेला टीबी

माझा नवरा अहेरीत शिलाईचं काम करायचा. त्या वर्षी तो स्वतःच्याच पँटची कंबर सारखी आत घेत होता. जेवलं की पोटात उजवीकडे मुरडा यायचा, म्हणून अर्ध्यातच ताट सारायचा.

"जेवत काऊन नाई?" मी विचारायची.

"जेवलो का दुखते. त्यापेक्षा भूक बरी."

गॅस समजून गोळ्या घेऊन झाल्या. संध्याकाळी अंग तापू लागलं तेव्हा सासूला टीबीची शंका आली. थुंकी तपासली, छातीचा फोटो काढला. दोन्हींत काही निघालं नाही. आम्हाला हायसं वाटलं.

मग पाय काड्यांसारखे झाले आणि पोट फुगलं. बाजारात लोक म्हणू लागले, दारूनं लिव्हर गेलं. तो दारूला शिवतही नव्हता.

चंद्रपूरच्या डॉक्टरीणबाईंनी पोट बराच वेळ दाबून पाहिलं. सोनोग्राफीत पोटात पाणी आणि सुजलेलं आतडं दिसलं. सुईनं पिवळसर पाणी काढून तपासायला दिलं. मग दुर्बीण घालून, लहान आतडं मोठ्याला मिळतं तिथला बारीक तुकडाही काढला. सगळे रिपोर्ट आल्यावर म्हणाल्या, "पोटाचा टीबी आहे."

"पण मॅडम, मले तं खोकला नाई," नवरा म्हणाला.

"फुप्फुसात नाही, म्हणून थुंकीत सापडला नाही."

औषध सुरू झालं. ताप गेला, पोट उतरलं. तो भात मागून खाऊ लागला. मला वाटलं, सुटलो. डॉक्टरीणबाईंनी मात्र बजावलं होतं, आतल्या जखमा भरताना आतडं आवळतं. उलट्या झाल्या तर थांबू नका.

एका सकाळी हिरव्या उलट्या सुरू झाल्या. आम्ही गाडी करून निघालो. आष्टीच्या पुढे रस्ता उखडलेला होता. प्रत्येक खड्ड्यात तो माझा दंड आवळत होता.

"पोरीले शाळेत धाडलं ना?" त्यानं विचारलं.

"धाडलं. तुमी बोलू नका."

चंद्रपूरला पोचल्यावर कळलं, आवळलेलं आतडं फुटलं होतं. ऑपरेशन झालं, पण तो शुद्धीवर आलाच नाही.

त्याच्या मरणानंतरचा पुण्यानुमोदनाचा विधी झाल्यावर, डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं म्हणून, मी लेकीला तपासायला घेऊन गेले. तिला काही नव्हतं. घरी येऊन सासूला सांगितलं. तिनं नातीला जवळ ओढलं आणि मोठ्यानं रडू लागली. लेक घाबरून माझ्याकडे बघत राहिली.