अग्रलेखातला वीरेंद्र

गिरगावातल्या आमच्या वाडीत राजलक्ष्मीवहिनींचं वर्तमानपत्र वाचणं प्रसिद्ध होतं. दुपारची झाकपाक झाली की बायका त्यांच्या ओट्यावर तांदूळ निवडायला बसत आणि वहिनी वाचत. मध्येच थांबून विचारत, "आता सांगा, ह्यात कोण दिसलंच नाही?" बायका हसत, पण उत्तर शोधून देत.

ही खोड वहिनींना छप्पन सालच्या जानेवारीत लागली.

त्यांचा धाकटा दीर वीरेंद्र मांडीत गोळी लागून इस्पितळात पडला होता. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात घोषणा देत होता. सासरे कमलाकांतराव सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी सांगून टाकलं, "बरा झाला की त्याने दुसरीकडे बिऱ्हाड बघावं. गुंडांना ह्या घरात जागा नाही." सासूबाईंनी अन्न टाकलं. वहिनींचे यजमान मनमोहन वडिलांपुढे तोंड उघडणाऱ्यांतले नव्हतेच.

मामंजींना मोतीबिंदू होता. सकाळच्या चहाबरोबर वहिनी त्यांना इंग्रजी अग्रलेख वाचून दाखवत आणि सासूबाईंना कळावं म्हणून एकेक वाक्य मराठीतून सांगत. त्या सकाळी अग्रलेख गोळीबारावर होता. समाजकंटकांनी शहर वेठीला धरलं, अशी सुरुवात होती. ती वाचून वहिनी सासूबाईंकडे वळल्या.

"आपल्या वीरेंद्रने शहर वेठीला धरलं होतं."

मामंजींनी कप खाली ठेवला. "नाव लिहिलंय त्याचं?"

"नाव कुणाचंच नाही. गोळी लागली ते सगळे समाजकंटक, असं आहे. आपला त्यातलाच ना?"

"पुढे वाच."

पुढे ट्रामच्या फुटलेल्या काचा होत्या, बंद दुकानं होती, दगडाने डोकं फुटलेला शिपाई होता. "बिचारा!" सासूबाई म्हणाल्या. वहिनींनाही वाईट वाटलं. मग आलं, पोलिसांनी दुःखद पण अटळ कर्तव्य बजावलं.

"आपल्या वीरेंद्रच्या मांडीत गोळी घालणं अटळ होतं."

"चेष्टा करतेस माझी?"

"नाही मामंजी. काचांना अर्धा रकाना दिलाय. मेलेल्यांची वयं नाहीत, वाडी नाही, गल्ली नाही. मी शोधून दमले."

"दगड मारला असेल त्याने."

"मारला असेल तर धरायचं, कोर्टात उभं करायचं. गोळीच का, हे कुठेच लिहिलेलं नाही. नुसतं अटळ, अटळ. तुमच्या कचेरीत कुणी असा खुलासा दिला असता तर?"

मामंजी मिशीवरून बोट फिरवत राहिले.

"परत पाठवला असता," शेवटी ते म्हणाले. "शेरा मारून."

"काय शेरा?"

"कारण द्या."

सासूबाईंनी घाईघाईने डोळे पुसले आणि विचारलं, "मग आणायचं ना पोराला घरी?"

"मी काय दाराला कुलूप लावलंय?" मामंजी खेकसले, आणि वहिनी गालातल्या गालात हसल्या.

वीरेंद्र कुबडी टेकत आला त्या दिवशी घरात कोलंबीचा वास दरवळत होता. मामंजींनी खिडकीजवळची आपली आरामखुर्ची त्याला दिली. वर, "घोषणा देताना मफलर तरी गुंडाळत जा, घसा बसतो," हेही सुनावलं.

वर्तमानपत्र मात्र त्यांनी बदललं नाही. इतक्या वर्षांची सवय. चहाचा कप हातात आला की म्हणायचे, "हं, वाच सूनबाई. पण थांबत थांबत."