मीच दिलेली परवानगी

मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. वडील मोर्चाहून परतले की त्यांच्या खिशात घडी घातलेलं एखादं पत्रक असायचंच. ‘जाहीर निषेध’ हे शब्द मला बाराखडी पुरती येण्याआधीच ओळखू येत होते.

ही पत्रकं प्रकाशा गावच्या एसटी स्टँडजवळ, वडिलांचे जुने मित्र असलेल्या चाचांच्या छापखान्यात छापली जात. आता लग्नपत्रिकाही मोबाइलवर फिरतात. म्हणून चाचांनी छपाईच्या यंत्राशेजारी दोन जुने संगणक मांडले आणि लोकांचे ऑनलाइन अर्ज भरून द्यायला सुरुवात केली. कॉलेज संपल्यावर मी तिथं कामाला बसले आणि पहिल्याच आठवड्यात ब्राउझरविरुद्ध लढा पुकारला.

संगणकासोबत आलेला ब्राउझर कंपनीचा हेर आहे, असं मी चाचांना ठणकावून सांगितलं. मुक्त स्रोताचा, म्हणजे ज्याची घडण कुणालाही तपासता येते असा दुसरा ब्राउझर टाकला आणि अर्जाचं एकच पान दोन्हींत शेजारीशेजारी उघडून दाखवलं. जुन्यात पाच टॅब उघडले की संगणकाचा पंखा घरघरायचा, नव्यात तो शांत राहायचा. फोटो चढवण्याचं बटण मात्र नव्यात कधीकधी हटून बसे, तेव्हा मी गुपचूप जुन्याकडे वळायचे. जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम टाकला, तसं पान लख्ख झालं. चाचा हसले, “बेटा, तुन्हं भाषण आइकीसन मन्हं डोकं दुखी ऱ्हायनं. पन काम झकास शे.”

मी आणखी चेकाळले. मग मराठी टायपिंगचं एक मोफत एक्स्टेन्शन सापडलं. गाव, तालुका, जिल्हा, जातीचा दाखला असे रोजचे रकाने ते आपणहून भरायचं. अर्ध्या तासाचा अर्ज दहा मिनिटांत होऊ लागला. एका माणसाची माहिती दुसऱ्याच्या अर्जात राहू नये म्हणून मी प्रत्येकासाठी खासगी विंडो उघडत असे, आणि त्याचा मला केवढा अभिमान होता!

एका दुपारी धडगावकडची एक मुलगी स्टँडवरून धावत दुकानात शिरली. नर्सिंग प्रवेशाचा तिचा अर्ज मीच भरला होता. हातातला फोन तिनं अंगापासून लांब धरला होता, त्याचा स्पीकर चालू होता.

“ताई, साहेब कोड मागताहेत. देऊ?”

फोनमधला आवाज गोड होता. “मॅडम, तुमची जागा पक्की करायची आहे. सहा आकडे सांगा.” मग त्यानं तिची जन्मतारीख सांगितली, पाड्याचं नाव सांगितलं, दाखल्याचा नंबरही सांगितला. सगळं अचूक.

चाचांनी फोन ओढून घेतला. “कोन बोलस?”

फोन कट झाला.

“साहेब ऱ्हाता तं मन्हा आवाज आइकीसन पयना नसता,” चाचा म्हणाले.

मुलगी बाकावर बसली. “मी कोड दिला असता तर?”

“तुझं खातं त्याच्या हातात गेलं असतं. अर्ज रद्दही केला असता त्यानं.”

“म्हणजे जागा गेली असती.” तिचा आवाज खाली आला. “आमच्या पाड्यावरून बाळंतिणीला झोळीत घालून खाली आणतात, ताई. म्हणून भरला मी अर्ज.”

त्या माणसाला हे सगळं कळलं कुठून? कंपनीच्या नावानं शिव्या घालत मी ब्राउझरची एकेक सेटिंग उघडत गेले. चाचा मागं उभे होते. मराठी टायपिंगच्या एक्स्टेन्शनवर त्यांनी बोट ठेवलं.

“हाई कोनी बनाडं? खाले नाव कोनं शे?”

छापखान्याचा माणूस कागद हातात आला की आधी तळाची ओळ बघतो: मुद्रक कोण, प्रकाशक कोण. मी शोधलं. नाव नव्हतं, पत्ता नव्हता.

“नाव नही तं मी पत्रक छापत नही. अन् तू मन्हा दुकानमा बसाडं?”

परवानगीचं पान उघडलं. ‘सर्व संकेतस्थळांवरील तुमची सर्व माहिती वाचणे आणि बदलणे.’ खाली आणखी एक चौकोन होता: ‘खासगी विंडोतही चालू द्या.’ त्यात खूण होती.

ती कंपनीनं केलेली नव्हती. रकाने आपोआप भरले जावेत म्हणून ती मीच केली होती. ओळ न वाचता. पत्रकातला स्वल्पविरामसुद्धा न सोडणारी मी! समोरची अक्षरं दिसत होती पण वाचता येईनात. माहिती तिथूनच फुटली याचा पुरावा माझ्याकडे आजही नाही. पण दार सताड उघडं होतं आणि कडी मीच काढली होती.

एक्स्टेन्शन काढून टाकलं. अर्जांची यादी घेऊन चाचांनी एकेकाला फोन लावायला सुरुवात केली: “कोनले बी कोड सांगू नका.” मी मुलीला खरं काय ते सांगितलं. “मग आता काय करू?” तिनं विचारलं. तिच्या फोनवर प्रवेशाचं पान उघडून पासवर्ड कुठं बदलायचा ते मी दाखवलं. अर्ज जागेवर होता. नवा पासवर्ड टाकायची वेळ आली, तेव्हा ती थांबली.

“ताई, तुम्ही जरा तिकडं तोंड करा.”

मी रस्त्याकडे तोंड करून उभी राहिले. ती सावकाश, एकेक अक्षर दाबत होती.