श्वासाची जागा

“श्वास कुठे घेशील, ते आधी सांग,” असं म्हणून ती तर्जनी उचलायची. बोट खाली येईपर्यंत वर्गात कुणी तोंड उघडत नसे.

ती नगरकडच्या एका खेड्यातल्या पाळकाची मुलगी. पस्तिशी ओलांडल्यावर चर्चच्या संगीताची पदवी घ्यायला बंगलोरच्या धर्मशास्त्र महाविद्यालयात आली होती. मी नुकतीच कॉन्व्हेंट शाळेतून बाहेर पडलेली. पायपेटी बरी वाजवायची, म्हणून तिथल्या गायकवृंदाला साथ करायला मला बोलावलं होतं. वाजवताना बोलावं लागत नाही, हे मला फार सोयीचं होतं.

तिथे मराठी आम्हा दोघींनाच येत होतं. माझं घर पिढ्यान्‌पिढ्या बंगलोरचं, त्यामुळे माझ्या मराठीत कानडी शब्द यायचे.

“अक्का, स्वल्प हळू घेऊ का?”

“अक्का नाही गं, ताई म्हण. आणि स्वल्प काय? देवाला अर्ज लिहितेस का?”

परीक्षेसाठी जुन्या इंग्रजी चालीवर आपापल्या भाषेतलं गीत बसवायचं होतं. तिने वडिलांनी रचलेले शब्द घेतले: ‘वाट अंधारी, तरी न सोडी तो मला.’ गोची अशी की चालीची पहिली ओळ ‘न’वर संपायची. तिथे सगळे सवयीने श्वास घेत आणि मग जोरात म्हणत, ‘सोडी तो मला!’

“ऐकलंस? सोडलं की गं देवाने!” ती हसत सुटायची आणि हसता हसता खोकायची.

संगीताचे सर म्हणाले, शब्द बदला.

“वडील गेले. आता विचारू कुणाला?”

तमिळ, तेलुगू मुलांना यातलं काय कळणार? तिने त्यांना एकच शिकवलं: माझ्या खांद्यांकडे बघा. ते हलले, तरच श्वास.

हसणं संपलं तरी खोकला राहू लागला. गालात सतत लवंग. तुम्ही कुणाला साथ केली असेल तर ठाऊक असेल, गाणाऱ्याचा सूर येण्याआधी श्वास ऐकू येतो. तिच्या श्वासाच्या तळाशी शीळ वाजत होती. दम अपुरा पडू लागला, तशी दर सरावाला ती शीळ ‘न’च्या थोडी अधिक जवळ सरकायची.

“डॉक्टरांना दाखवा ना, अक्का.”

“दाखवलं तर उद्याच गाडीत बसवतील. गावी वडिलांच्या देवळात पेटी धूळ खात पडलीय, शिकवणारं कुणी नाही. परीक्षा होऊ दे.”

परीक्षेच्या सकाळी ती वृंदासमोर उभी राहून स्वतःही गात होती. ‘वाट अंधारी, तरी न...’ आणि तिचे खांदे वर गेले. हलकेच, पण गेले. सगळ्या वृंदाने आज्ञाधारकपणे श्वास घेतला. क्षणभर सभागृहात काहीच नव्हतं. मग चारही आवाजांत, अगदी सुरेल: ‘सोडी तो मला.’

परीक्षकांनी कौतुकाने माना डोलावल्या. ती उत्तम गुणांनी पास झाली.

बाहेर पायरीवर बसून तिने विचारलं, “ऐकलंस ना?”

“हो, अक्का.”

त्या दिवशी तिने मला दुरुस्त केलं नाही.

पुढे तिला मिरजेजवळ क्षयरोग्यांच्या दवाखान्यात ठेवल्याचं कळलं. त्यानंतर काहीच कळलं नाही. वृंद ते गीत अजून गातो. जुनी मुलं नव्यांना शिकवतात आणि ‘न’पाशी सगळे न चुकता थांबतात, कारण तिचे खांदे तिथे हलले होते.

मी तिथे पेटीवरचं बोट उचलत नाही. पाय मारत राहते. त्यांचा श्वास घेऊन होईपर्यंत ‘न’चा सूर धरून ठेवते.