बुजवलेली मोरी

शहाण्या माणसांनी सोसायटी बुडवली, हे रंगूबाई म्हात्रे आजही कोणाच्याही तोंडावर सांगते.

तिची अर्धी हयात मिठागरात गेली. भरतीला फळी टाकून खाडीचं पाणी अडवायचं, ओहोटी लागली की फळी उचलून सोडून द्यायचं, एवढंच तिचं शिक्षण. पुढे मिठागर गेलं, जमीन बिल्डरला गेली आणि कोपरच्या खाडीकाठी तळमजल्यावर घर मिळालं. अर्धांगवायू झालेला तिचा नवरा भिवा तिथेच खाटेवर पडून असायचा.

गेल्या वर्षी कंपाउंडच्या भिंतीतल्या मोरीतून खाडी आत शिरली. म्हणून यंदा सेक्रेटरी ऋतुराजने आपत्ती-नियोजनाचं शिबिर भरवलं, सगळ्यांना शिट्ट्या वाटल्या आणि मोरी सिमेंटने बुजवून टाकली. भर मीटिंगमध्ये रंगूबाई कडाडली, "अरे, खाडी नाय येवाची, पन पावसाचा पानी जाल कुठशी? तिथं फळी बसव!"

"आजी, पंप घेतलाय आपण. तुम्ही बसा ना," ऋतुराज म्हणाला. वरच्या मजल्यावरचे फिदीफिदी हसले. रंगूबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

श्रावणातल्या अमावास्येला पावसाने धुमाकूळ घातला. खाडी भिंतीबाहेर राहिली खरी, पण पावसाचं पाणी आवारात तुंबत गेलं. वीज गेली आणि पंप गप्प झाला. दुपारी चारला बाहेर ओहोटी लागली होती, तरी घरात पाणी भिवाच्या खाटेला टेकलं. रंगूबाईने हाका मारमारून घसा कोरडा केला. कमिटीवाला एकही खाली उतरला नाही.

मग तिने पहार घेतली आणि कंबरभर पाण्यातून भिंत गाठली.

"आजी, सोसायटीची भिंत आहे ती! परमिशन लागते!" जिन्यातून ऋतुराज ओरडला.

"तुजी परमिशन घाल चुलीत!"

आठ-दहा घावांत सिमेंट फुटलं आणि पाणी खाडीकडे धावलं. तासाभरात खाटेचे पाय दिसू लागले.

आता मात्र ऋतुराज पँट वर करून खाली आला. रंगूबाई कपाटाचं दार उचकटत होती.

"आजी, परत भरती कधी आहे?"

"रातचे दोनला. त्याच्या आदी यो दरवाजा भोकाला लावा. पानी उतरला की काढा."

"थँक्यू, आजी. तुम्ही होतात म्हणून..."

"माजा नवरा आत हाय म्हनून सांगते," ती म्हणाली. "तो नसता त तुमाला बुडू दिला असता."