गोल दिसणारी नळी

इंजिनाच्या तापमानाचा काटा पंच्याण्णववर गेला आणि अलार्म वाजायला लागला, तेव्हा आमची लाँच धरणाच्या पाण्यात बरोबर मधोमध होती. लाँचमध्ये चौघं. मालक धुमाळ, मी, पलीकडच्या गावातले पासलकरकाका आणि त्यांची मुलगी सविता. काकांचं साडेअकराला पुण्यात डायलिसिस होतं. गावाचा रस्ता दरड पडून बंद होता, त्यामुळे पाण्याशिवाय वाट नव्हती.

मी डिझेल मेकॅनिक. नाना पेठेत वर्कशॉप आहे. इंजिन तापतं, याच तक्रारीसाठी धुमाळांनी मला बोलावलं होतं. आधी दोघे मेकॅनिक येऊन गेले होते. एकाने थर्मोस्टॅट बदलला, दुसऱ्याने पंप. सकाळी धक्क्यावर बांधलेल्या लाँचचं इंजिन मी तासभर चालवलं, काटा जागचा हलला नाही. तेवढ्यात काकांना आणायचा फोन आला.

"पॅसेंजर नको," मी म्हणालो.

"तुमी संगं हाय की," धुमाळ म्हणाले. जाताना हळू गेलो, काही झालं नाही. येताना उशीर होतोय म्हणून त्यांनी वेग वाढवला.

"रेस कमी करा," मी सांगितलं. काटा उतरला. वाढवली, चढला.

हे इनबोर्ड इंजिन, म्हणजे बोटीच्या पोटात बसवलेलं. गाडीचं इंजिन रेडिएटरला लागणाऱ्या वाऱ्यावर थंड होतं. हे धरणाचंच पाणी पंपाने ओढून थंड होतं आणि ते पाणी मागून बाहेर टाकतं. मागे बघितलं. पूर्ण वेगात धार करंगळीएवढी झाली होती.

"हळूच जाऊ," धुमाळ म्हणाले.

"असं गेलो तर एक वाजेल," सविता म्हणाली. "परवाचं डायलिसिसही चुकलंय. त्यांना श्वास पुरत नाहीये, दिसत नाही का तुम्हाला?"

दिसत होतं. काका दोन्ही हात गुडघ्यांवर टेकवून बसले होते.

"धुमाळ, पूर्ण रेस द्या."

"इंजिन बसंल."

"अर्धं मिनिट फक्त."

मी इंजिनावरची फळी उचलली आणि टॉर्च मारला. पाणी ओढणारी नळी पट्ट्यासारखी चपटी झाली होती. रेस कमी होताच ती पुन्हा गोल झाली. ओढायच्या नळीत आत तारेची गुंडाळी लागते, नाहीतर पंपाच्या ओढीने ती मिटते. ही साधी होती आणि आता मऊ पडली होती. आधीचे दोघे मेकॅनिक आणि मी, आम्ही तिघांनीही ती इंजिन बंद किंवा हळू असतानाच बघितली होती.

मग मला तिच्या तोंडावर आवळलेला क्लॅम्प दिसला. तो माझा होता. मागच्या वर्षी मीच ही नळी टाकली होती. तारेची मिळाली नव्हती, तेव्हा "चालेल" म्हणालो होतो.

तळात साचलेलं पाणी उपसणाऱ्या पंपाची नळी तारेची होती, मापही तेच. तीच काढून इथे लावायची ठरवलं आणि इंजिन बंद केलं. वारा आम्हाला खडकांकडे नेत होता. धुमाळ बांबू घेऊन पुढे उभे राहिले. बाहेरचं पाणी अडवणारा वॉल्व्ह नीट बंद होईना. नळी काढली तसं पाणी आत यायला लागलं, आणि उपसायचा पंप तर मीच मोकळा केला होता.

"डबा आहे का?" मी विचारलं. सविताने विचारत न बसता जेवणाचा डबा रिकामा केला आणि पाणी उपसायला बसली. माझा हात इंजिनाला चिकटून भाजला. थांबायला वेळ नव्हता. दुसरा क्लॅम्प आवळला तेव्हा बांबू खडकाला टेकला होता.

"मारा स्टार्टर."

पूर्ण रेसवर काटा ब्याऐंशीला थांबला. मागून मनगटाएवढी धार पडत होती. धक्क्याला गाडी तयार होती. पाऊण तासाने सविताचा मेसेज आला: उशीर झाला, पण घेतलं आत.

मग मी धुमाळांना नळी दाखवली आणि कुणी बसवली तेही सांगितलं.

त्यांनी ती हातात फिरवून बघितली. "म्हंजी त्या दोघास्नी मी उगाच बोललो."

"हो."

"मग आता तुमीच फोन लावा त्यांना."

लावले. दोघांनीही शांतपणे ऐकून घेतलं, ते जास्त लागलं.

आता कुठलाही बिघाड शोधताना मी आधी स्वतःचं जुनं काम तपासतो. बहुतेक वेळा ते ठीक असतं. पण तपासतो.